पत्र्याची जाडी आणि श्रांतीजन्य भेगेची वाढ : एका रूढ उपपत्तीचे परीक्षण

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंतील श्रांतीविषयी गेल्या सहा दशकांत जे विपुल लेखन झाले, त्यात एक विधान इतक्या वेळा आले आहे की त्याला आता जवळजवळ सिद्धांताची प्रतिष्ठा लाभली आहे. ते विधान असे : पत्रा पातळ असेल तर भेग सावकाश वाढते, जाड असेल तर जलद. विधान खोटे नाही. हॉलंडमध्ये ब्रूक आणि स्काइव्ह यांनी १९६३ मध्ये २०२४-टी३ या मिश्रधातूच्या निरनिराळ्या जाडीच्या पत्र्यांवर जे प्रयोग केले, त्यांचा कौल याच बाजूचा होता, आणि पुढील बहुतेक प्रयोगांनी त्याला स्थूलमानाने दुजोरा दिला. तथापि एखादे विधान खरे असणे आणि त्याचे म्हणून सांगितले जाणारे कारण पुरेसे असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. जाडीच्या परिणामाची जी उपपत्ती पाठ्यग्रंथांतून शिकवली जाते, ती एका कारणाची आहे. आणि प्रयोगशाळेत जाडी बदलली की बदलतात त्या गोष्टी मात्र अनेक आहेत. या गफलतीमुळे एका जाडीवर मिळालेले आकडे दुसऱ्या जाडीवर बिनदिक्कत लावले जातात, आणि तपासणीच्या मुदती त्यांवरून ठरतात. म्हणून हा प्रश्न केवळ शब्दांचा राहत नाही.

उपपत्तीचा आरंभ कोठे होतो हे प्रथम पाहिले पाहिजे. पॅरिस, गोमेझ व अँडरसन यांनी १९६१ मध्ये भेगेच्या वाढीचा संबंध प्रतिबल-तीव्रतेशी जोडला. त्यांचा निबंध नामांकित नियतकालिकांनी नाकारल्यावर वॉशिंग्टन विद्यापीठाच्या स्वतःच्या पत्रिकेत छापला गेला, ही गोष्ट विद्यापीठीय पत्रिकांच्या वाचकांना सुखावणारी आहे. पुढे पॅरिस व एर्डोगन यांनी १९६३ मध्ये या संबंधाला आज परिचित असलेले रूप दिले : भाराच्या एका आवर्तनात भेग जितकी पुढे सरकते, ते अंतर प्रतिबल-तीव्रतेच्या आवाक्याच्या एखाद्या घाताच्या, बहुधा तिसऱ्या ते चौथ्या घाताच्या, प्रमाणात असते. या सूत्रात जाडीला स्थानच नाही. भेगेची लांबी, भार आणि पत्र्याची रुंदी यांतून प्रतिबल-तीव्रता काढावयाची, आणि जाडी एकदा क्षेत्रफळात भागली की तिचे काम संपले. पत्रा एक मिलिमीटरचा असो वा वीस मिलिमीटरचा, सूत्राचे उत्तर एकच. अनुभव तसा नव्हता. सूत्र टाकून देणे परवडणारे नव्हते, तेव्हा जाडीसाठी वेगळे स्पष्टीकरण शोधणे प्राप्त झाले.

ते स्पष्टीकरण वुल्फ एल्बर यांच्या शोधाने मिळाले. १९७० व १९७१ मधील आपल्या दोन निबंधांत त्यांनी दाखवले की, भेग ओढली जात असतानाही भाराच्या खालच्या भागात तिचे दोन्ही काठ एकमेकांना टेकलेले असतात. भेगेच्या टोकाशी धातू कायमचा ताणला जातो. भेग पुढे गेली की हा ताणलेला धातू तिच्या मागे काठांवर उरतो, आणि जागा पुरत नसल्याने काठ वेळेआधी मिटतात. भेग उघडी असेल तेवढ्याच भाराचा तिच्या टोकाला उपद्रव होतो. या मिटण्याला येथे 'संमीलन' म्हटले आहे. आता पातळ पत्र्यात टोकाजवळचा धातू जाडीच्या दिशेने आत ओढला जाऊ शकतो. ही समतल प्रतिबलाची अवस्था होय. तीत ताणलेल्या धातूचे वलय मोठे असते, काठांवर उरणारा धातू अधिक असतो, आणि संमीलन जास्त होते. जाड पत्र्याच्या गाभ्यात आजूबाजूचा धातू ही हालचाल होऊ देत नाही. ही समतल विकृतीची अवस्था. तीत वलय सुमारे एक-तृतीयांश, संमीलन कमी, म्हणून वाढ जलद. उपपत्ती सुबक आहे, आणि तिचा गाभा खराही आहे. आक्षेप आहे तो तिच्या विस्ताराला.

पहिला आक्षेप 'पातळ' आणि 'जाड' या शब्दांवरच आहे. हे शब्द पत्र्याला लावले जातात. वस्तुतः ते पत्रा आणि वलय यांच्या गुणोत्तराला लावावयास हवेत. २०२४-टी३ हा मिश्रधातू सुमारे ३४५ मेगापास्कल प्रतिबलाला कायमचा वाकू लागतो. प्रतिबल-तीव्रतेचे सर्वोच्च मूल्य १० असेल (मेगापास्कल गुणिले मीटरचे वर्गमूळ या एककात), तर समतल प्रतिबलाच्या सूत्राने वलय अवघे ०.२७ मिलिमीटर येते. मूल्य ३० झाले की तेच वलय २.४ मिलिमीटर होते. म्हणजे २ मिलिमीटरचा एकच पत्रा भेग लहान असताना आपल्या वलयाच्या सातपट जाड असतो, आणि भेग लांबली की वलयाहूनही पातळ ठरतो. त्याने एका आयुष्यात दोन्ही अवस्था पाहिलेल्या असतात. भंगपृष्ठावर याची खूण स्पष्ट उमटते : आरंभीचे पृष्ठ सपाट, भाराच्या दिशेला काटकोनात, मग दोन्ही कडांनी तिरकस पट्टे उगवतात, रुंद होत जातात, आणि अखेर साऱ्या जाडीचा भंग तिरकस होतो. ज्या आलेखाच्या डोक्यावर 'पातळ पत्रा' असे लिहिलेले असते, त्याचा डावीकडील निम्मा भाग वास्तविक जाड पत्र्याचा असतो. लहान प्रतिबल-तीव्रतेला जाडीचा परिणाम काही प्रयोगांत जवळजवळ दिसतच नाही, याचे आश्चर्य करण्याचे कारण नाही.

गुणोत्तराची ही गोष्ट प्रयोगशाळेबाहेर किती उपयोगी पडते, याचे उदाहरण नंदुरबार जिल्ह्यातच आहे. नंदुरबार, शहादा, नवापूर आणि अक्कलकुवा या आगारांच्या एस. टी. गाड्यांनी अनेक वर्षे ॲल्युमिनियमचा पत्रा अंगावर वागवला. दापोडी, चिकलठाणा व हिंगणा येथील महामंडळाच्या कार्यशाळांत सांगाड्यावर रिव्हेटांनी जडवलेला हा पत्रा अक्कलकुव्याहून मोलगी-धडगावकडे जाणाऱ्या घाटरस्त्यांवर किंवा तोरणमाळच्या चढावर दिवसभर थरथरत असे. रिव्हेटच्या भोकापासून निघालेली चीर हे अशा पत्र्याचे नेहमीचे दुखणे. येथील मुख्य भार सांगाड्यावर असतो, पत्र्यावर नव्हे, हे खरे. चीर म्हणजे अपघात नव्हे, हेही खरे. परंतु ही चीर कोणत्या अवस्थेत वाढते, असा प्रश्न विचारला तर केवळ पत्रा मोजून उत्तर देता येत नाही. १०० मेगापास्कललाच वाकू लागणारा एखादा मऊ पत्रा घेतला, तर १० एवढ्याच प्रतिबल-तीव्रतेला त्याचे वलय ३ मिलिमीटरांहून मोठे होते, म्हणजे विमानाच्या पत्र्याच्या सुमारे बारापट. एकाच जाडीचे, एकाच तीव्रतेचे दोन पत्रे, एक विमानाचा आणि एक मऊ. पहिला उपपत्तीच्या दृष्टीने जाड, दुसरा पातळ. मिलिमीटरची पट्टी दोघांना एकच आकडा देते. (२०१८ च्या सुमारास महामंडळ ॲल्युमिनियमऐवजी पोलादी बांधणीच्या गाड्यांकडे वळले ते अपघातातील प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी, श्रांतीशी त्या निर्णयाचा संबंध जोडणे चूक ठरेल.)

नंदुरबार ज्या महसुली विभागात मोडते, त्याच नाशिक विभागात ओझर येथे हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा विमान-कारखाना आहे. १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी तो उभा राहिला. सप्टेंबर २०२५ मध्ये हवाई दलातून निवृत्त झालेल्या या विमानाच्या सांगाड्यात डी-१६ आणि व्ही-९५ हे सोव्हिएत मिश्रधातू होते. पहिला २०२४ चा, दुसरा ७०७५ चा निकटचा भाऊबंद. लढाऊ विमानाच्या एकाच पंखात पातळ कवच आणि जाड ठोकळ्यातून कोरून काढलेले वासे शेजारी शेजारी असतात. दोहोंच्या तपासणीची मुदत ठरवणाऱ्याला जाडीचा प्रश्न टाळता येत नाही, आणि उपपत्तीच्या सुबकपणाची कसोटी येथेच लागते.

ती कसोटी आकड्यांत पाहता येईल. एल्बर यांनी आपले प्रसिद्ध सूत्र ५ मिलिमीटर जाडीच्या २०२४-टी३ पत्र्यावरून काढले. किमान भार शून्य असेल तर भाराच्या आवाक्याचा निम्माच भाग भेगेला उपद्रव देतो, असे त्याचे सांगणे. स्काइव्ह यांनी पुढे त्यात दुरुस्ती केली, तेव्हा हा अंश ०.५५ झाला. फरक क्षुल्लक वाटतो, पण तिसऱ्या घातात तो वाढीच्या वेगात तेहतीस टक्के होतो. न्यूमन यांनी १९८४ मध्ये दिलेल्या समीकरणात जाडीसाठी एक बंधनांक आहे : समतल प्रतिबलाला १, समतल विकृतीला ३. भार माफक, किमान भार शून्य, असे धरून हिशेब केला तर उपद्रवी अंश पहिल्या टोकाला सुमारे ०.४९ आणि दुसऱ्या टोकाला ०.७५ येतो. तिसऱ्या घाताने वेगातील फरक साडेतीनपट होतो. आता, कोणताही खरा पत्रा या दोन टोकांवर बसत नाही. म्हणून साडेतीनपट ही उपपत्तीने दिलेली कमाल मर्यादा होय. व्यवहारात मात्र हा बंधनांक मोजला जात नाही. प्रयोगाच्या आकड्यांशी जुळेपर्यंत तो बदलला जातो, आणि जुळला की मग त्या जुळण्यालाच उपपत्तीचा पुरावा मानले जाते. ज्या राशीला जुळवून घेतले तिलाच साक्षीला उभे करणे, हे कोणत्याही न्यायात बसणारे नाही. तसेच ५ मिलिमीटरवरचे एल्बर यांचे सूत्र सर्व जाड्यांना लावणाऱ्यांची संख्या लहान नाही. सूत्रकाराने आपल्या पत्र्याची जाडी सांगितली होती. ती विसरण्याचा दोष सूत्रकाराचा नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. जाडी बदलली तर धातू तोच राहतो काय? १ मिलिमीटरचा पत्रा आणि २० मिलिमीटरचा पाट यांवर एकच नाव व एकच अंक छापलेला असतो; पण पहिला कितीतरी अधिक लाटला गेलेला आहे. त्याचे कण वेगळ्या आकाराचे व वेगळ्या दिशेला वळलेले असतात, लोह-सिलिकॉनयुक्त कठीण कणांची मोडतोड वेगळी झालेली असते, उष्णोपचारानंतर थंड होण्याचा वेगही वेगळा असतो. विमानाच्या कवचासाठी वापरल्या जाणाऱ्या, शुद्ध ॲल्युमिनियमचे अस्तर दिलेल्या पत्र्यात तर आणखी एक गोम आहे. २०२४ च्या अशा पत्र्यात जाडी सुमारे १.६ मिलिमीटरच्या आत असेल तर प्रत्येक बाजूचे अस्तर जाडीच्या ५ टक्के असते, त्याहून जाड पत्र्यात अडीच टक्के. म्हणजे १ मिलिमीटर व ३ मिलिमीटर पत्र्यांची तुलना करणारा संशोधक एका छेदात दहा टक्के मऊ धातू आणि दुसऱ्यात पाच टक्के मऊ धातू यांची तुलना करत असतो. हे अस्तर भार फारसा पेलत नाही. पण नाममात्र प्रतिबल काढताना ते पूर्ण जाडीत धरले जाते. असा प्रयोग जाडीचा म्हणावा, की अस्तराचा? यावर सुचवला जाणारा उपाय म्हणजे एकाच जाड पाटातून निरनिराळ्या जाडीचे नमुने कोरून काढणे. तो चांगला आहे, पण निर्दोष नाही. कारण पाटाच्या पृष्ठाजवळील कणरचना आणि मध्यावरील कणरचना एकसारखी नसते. नमुना कोणत्या थरातून काढला हे ज्या निबंधात लिहिलेले नाही, त्याचे निष्कर्ष राखून वाचणेच बरे.

तिसरी अडचण मोजमापाची. भेगेची लांबी बहुधा पृष्ठावरून मोजली जाते. पातळ पत्र्यात पृष्ठावरचे टोक हेच भेगेचे टोक मानता येते. जाड पत्र्यात पृष्ठालगतचा धातू मोकळा, गाभ्यातील बद्ध. त्यामुळे भेगेची अग्ररेषा मध्यभागी पुढे फुगते. संमीलनही मुख्यतः पृष्ठालगत घडते. पृष्ठाचे थर तासून काढल्यावर संमीलनाची पातळी उतरते, असे १९७० च्या दशकातील प्रयोगांत आढळले होते. यावरून असे म्हणावे लागते की, जाड पत्रा हा अंशतः दोन पातळ पत्र्यांमध्ये धरलेला गाभा आहे. त्याला एकच बंधनांक देणे ही सोय आहे, वर्णन नव्हे. कार्यशाळेत भेगेच्या टोकाशी भोक पाडून तिला थोपवण्याची जुनी रीत आहे. गाडीच्या पत्र्यावर ती चालते, कारण डोळ्यांना दिसणारे टोक खरे असते. जाड वाशावर तीच रीत वापरली तर भोक टोकाच्या मागे पडण्याचा संभव राहतो. उलट बाजूने पातळ पत्र्याचीही आपली खोड आहे : मध्यभागी भेग असलेला पातळ पत्रा ओढला असता भेगेचे काठ बाहेर फुगतात, आणि आधार देऊन हे फुगणे रोखले नाही तर मोजलेल्या वेगात जाडीखेरीज भलतेच काही मिसळते. हवेतील दमटपणाचाही येथे हात आहे. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंत पाण्याची वाफ भेगेला वेग देते, आणि खाऱ्या पाण्यासारख्या दाहक परिसरात भंग तिरकस होण्याची क्रिया लांबते. म्हणजे ज्या तिरकसपणावरून 'पातळ' अवस्था ओळखावयाची, तोच हवेवर अवलंबून. पावसाळ्यातले कोकण आणि उन्हाळ्यातले खानदेश यांत एकाच पत्र्याच्या भंगाचा चेहरा एक असेल असे गृहीत धरता येणार नाही.

रूढ उपपत्तीला खरे बळ लाभते ते अतिभाराच्या प्रयोगांत, हे मात्र मान्य केले पाहिजे. नियमित भारांमध्ये एखादाच मोठा भार आला की भेग काही काळ मंदावते. मिल्स आणि हर्ट्झबर्ग यांनी १९७५ मध्ये २०२४-टी३ वर दाखवले की हे मंदन पातळ पत्र्यात अधिक होते. येथे मोठे वलय, अधिक संमीलन, अधिक मंदन ही साखळी कोठे तुटत नाही, आणि जाडीचा परिणाम स्थिर भाराच्या प्रयोगांतील परिणामाहून ठळक दिसतो. धोकाही येथेच आहे. विमानाला हवेत मिळणारे भार अनियमित असतात; त्यांत अतिभार अनेकदा येतात. पातळ पत्र्यावर अशा भारमालिकेचे प्रयोग करून मिळालेले दीर्घ आयुष्य जाड वाशाला बहाल केले, तर चूक असुरक्षित बाजूला होते. त्यातच जाड छेदाचा भंगचिवटपणा कमी. ७०७५-टी६ चा समतल विकृतीतील भंगचिवटपणा २५ ते ३० च्या आसपास असतो, पातळ पत्रा त्याहून पुष्कळ अधिक सोसतो. भेग वेगाने वाढते आणि लवकर घातक होते, असे दोन्ही तोटे एकाच घटकाच्या वाट्याला येतात.

यावरून पातळ पत्रा म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ काढणाऱ्यांना इतिहासाने दोनदा उत्तर दिले आहे. १० जानेवारी १९५४ रोजी एल्बा बेटाजवळ कोसळलेल्या कॉमेट विमानाचे कवच एक मिलिमीटरहून पातळ होते, आणि त्याने केवळ १,२९० उड्डाणे केली होती. फार्नबरो येथे पाण्याच्या टाकीत तपासलेले दुसरे कॉमेट, खरी व कृत्रिम मिळून, ३,०५७ उड्डाणांनंतर फुटले. तेथे कोपऱ्यांजवळील प्रतिबल इतके मोठे होते की पातळपणाचा लाभ त्यात वाहून गेला. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा कंपनीच्या बोइंग ७३७ चे छत उडाले तेव्हा ८९,६८० उड्डाणे झालेली होती, पत्रा ०.९ मिलिमीटरचा. त्यात रिव्हेटच्या डोक्यासाठी पाडलेला शंकूच्या आकाराचा खड्डा पत्र्याच्या पूर्ण जाडीतून आरपार गेला होता, आणि भोकाची कड सुरीच्या पात्यासारखी उरली होती. चिकटवलेला सांधा सुटल्यावर सारा भार या कडांवर आला आणि एका ओळीतील अनेक भोकांपासून भेगा निघाल्या. पत्रा थोडा जाड असता तर ही कड उरली नसती. संमीलनाच्या उपपत्तीत या जाडीला जागा नाही, कारण ती भेगेच्या वाढीची नसून भेगेच्या जन्माची बाब आहे. परंतु अभियंत्याला मिळणारे आयुष्य दोहोंची बेरीज असते.

जाडीचा हा प्रश्न कल्पकतेने वापरला तो डेल्फ्टच्या संशोधकांनी. एका जाड पत्र्याऐवजी अनेक पातळ पत्रे चिकटवून तेवढीच जाडी उभी केली तर प्रत्येक पत्रा आपली पातळ अवस्था राखतो, आणि एकातील भेग दुसऱ्यात सहज शिरत नाही. फोकर कंपनीच्या चिकटवलेल्या बांधणीच्या अनुभवातून निघालेल्या या विचाराला पुढे तंतूंची जोड मिळाली, आणि २००५ मध्ये प्रथम उडालेल्या एअरबस ए-३८० च्या कवचात तो 'ग्लेअर' या नावाने पोचला. ग्लेअरचे बरेचसे श्रेय भेगेवर पूल बांधणाऱ्या काचतंतूंना आहे, एकट्या पातळपणाला नाही. प्रचारपत्रकांत ही वाटणी नेहमी प्रामाणिकपणे होत नाही.

राहता राहिले प्रमाणित कसोट्यांचे. अमेरिकन प्रमाणसंस्थेच्या ई-६४७ या नियमावलीत संक्षिप्त नमुन्याची जाडी त्याच्या रुंदीच्या विसाव्या भागापासून चौथ्या भागापर्यंत असावी अशी शिफारस आहे. नमुना ५० मिलिमीटर रुंद असेल तर २.५ मिलिमीटरही चालते आणि १२.५ मिलिमीटरही. पाचपट जाडीची ही मुभा देताना नियमावली जाडीची नोंद मागते. नोंद होतेही, पण अनेक प्रयोगशाळांचे आकडे एका आलेखावर चढवताना ती गळून पडते. मग बिंदूंचा जो रुंद पट्टा उरतो त्याला 'विखुरण' म्हणतात आणि संख्याशास्त्राच्या स्वाधीन करतात. त्या पट्ट्याच्या रुंदीतला काही भाग नशिबाचा नसून जाडीचा, अस्तराचा आणि लाटण्याचा आहे. वलयाशी जाडीचे गुणोत्तर, अस्तराचा अंश, नमुना कोणत्या थरातला, आणि लांबी पृष्ठावर मोजली की आत, एवढ्या चार नोंदी प्रत्येक बिंदूसोबत ठेवल्या तर तो भाग वेगळा काढता येतो. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका जाड पाटातून, एकाच थरातून, चार जाड्यांचे नमुने कोरून हे काम आपल्या विभागातील साध्या श्रांतियंत्रावर वर्षभरात उरकता येण्यासारखे आहे.